पळस्प्याचा पोचा

माझ्या दुकानात आलेलं एकही करपलेलं भांडं ते घेऊन येणाऱ्याने करपवलेलं नसतं. कुणाच्या शेजारणीचं असतं, कुणाच्या भावजयीचं असतं, कुणाकडे पाहुणे येऊन करपवून गेलेले असतात. नवीन पनवेलच्या एका बाईंनी तर मला सांगितलं की ही कढई त्यांना वॉचमनने आणून दिली. मी चौकशी करत नाही. भांडं पिशवीतून काढते, उलटं करून तळ बघते आणि परवा या म्हणते.

आमचं दुकान पनवेलच्या जुन्या बाजारात आहे. सासरे कल्हई करायचे. घरोघरी स्टील आलं तशी कल्हई गेली. सासऱ्यांनी फार दुःख केलं नाही. भट्टी काढून टाकली, तिच्या जागी भांडी उजळायचं कापडी चाक बसवलं आणि शेजारी भांड्यांवर नावं घालायचं मशीन ठेवलं. नवऱ्याला चाकाच्या धुळीने खोकला येतो, म्हणून तो पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोलतो. मला फार बोलण्याचा कंटाळा, म्हणून चाक माझ्याकडे. बायका मात्र करपलेलं भांडं त्याच्या हातात देत नाहीत. त्या त्याला ओलांडून सरळ आत येतात, दवाखान्यात येतात तशा.

लेख मागताना संपादकबाईंनी बजावलं होतं, की वाचकांना घरच्या घरी करता येतील असे उपायही द्या. ते आधीच देऊन टाकते, म्हणजे मोकळं होता येईल.

भांडं करपलं की पहिल्यांदा गॅस बंद करा. हे लिहावं लागतं, कारण बरेच लोक पहिल्यांदा एकमेकांना हाका मारतात. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नका, तळ वाकतो आणि मग ते शेगडीवर जन्मभर डुगडुगत राहतं. निवू द्या. मग करपलेला भाग बुडेल इतकं पाणी घाला, त्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाका, मंद आचेवर उकळी आणा आणि झाकून झोपायला जा. सकाळी लाकडी उलथन्याने खरवडा. खाली निळे-पिवळे डाग उरले तर व्हिनेगर किंवा लिंबू चोळा. घासणी गोल फिरवू नका. स्टीलवर ज्या दिशेने बारीक रेघा असतात त्याच दिशेने घासा. गार पाण्यात मीठ टाकून भांडं भिजवू नका, तळाला टाचणीएवढे खड्डे पडतात. झालं. एवढ्यावर बहुतेक भांडी निघतात, आणि खरं म्हणजे माझं दुकान बंद पडायला हवं. ते पडत नाही, कारण या उपायात बघण्यासारखं काही नाही. सोडा घालून झोपलेल्या बाईचा व्हिडिओ कोण काढणार?

कामोठ्याचे एक गृहस्थ कढई घेऊन आले होते. अर्थात बायकोची. ती माहेरी गेली होती आणि कढई तिच्यामागे आपोआप करपली होती. मी विचारलं, "काय काय लावून झालं?"

"आधी बेकिंग सोडा आणि व्हिनेगर."

"एकत्र?"

"हो. फेस छान येतो."

"फेस आला. मग?"

"मग कोल्ड्रिंक. मग टोमॅटो सॉस. शेवटी टूथपेस्ट."

"बडीशेप राहिली," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. बडीशेपेने काही होतं का, असं त्यांनी मला खरोखर विचारलं.

उरणहून एक मासळीवाली येते. तिचं म्हणणं वेगळंच असतं. "ताय, टोप उजालून दे. पन लय चमकवू नको. सासू म्हनंल, नवा घेतला." मी विचारलं, करपवला कुणी? "आमच्यात कुनी करपवत नाय," ती म्हणाली. "टोपच तसला हाय."

खरं बोलणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. मोहल्ल्यातल्या झुबेदाआपा. रमजाननंतर त्यांनी खिरीचं भलंमोठं पातेलं आणून माझ्यासमोर आदळलं. "मीच जाळलं. नमाजला उभी राहिले, गॅस चालूच. अल्ला माफ करील, हे पातेलं काय माफ करायला तयार नाही. तू बघ." त्यांचं पातेलं मी बाकी सगळ्यांची कामं बाजूला ठेवून केलं. खरेपणाला आमच्या धंद्यात एवढंच बक्षीस देता येतं.

उजळणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. लोकांना वाटतं, आम्ही भांड्याला काहीतरी लावतो. आम्ही लावत नाही, काढतो. कापडी चाक वेगाने फिरतं, त्याला पॉलिशची वडी चोळलेली असते, त्यावर भांडं दाबून धरलं की वरचा अगदी बारीक थर निघून जातो आणि खालचं ताजं स्टील चमकतं. म्हणजे माझ्याकडून गेलेलं प्रत्येक भांडं घरी जाताना थोडं कमी झालेलं असतं. याची मला अजून जराशी रुखरुख वाटते. गिऱ्हाइकाला वाटत नाही. त्याला त्यात आपला चेहरा दिसला की तो खूश.

नावं घालायच्या मशीनची तर उलटीच तऱ्हा झाली आहे. पूर्वी कुणी, कुणाला आणि कशाबद्दल दिलं हे भांड्यावर कोरून घेतल्याशिवाय आहेर पुरा होत नसे. आता लोक नाव काढून घ्यायला येतात. चाकावर धरलं की वरवर कोरलेलं नाव जातं आणि डबा पुढच्या लग्नाला मोकळा होतो. एक पोह्यांचा डबा मी असाच निरनिराळ्या घरांसाठी पुसत आले. शेवटी तो ज्या बाईंनी आणला, त्यांनीच तो मुळात आहेर म्हणून दिला होता. मला आठवत होतं, कारण पहिलं नाव मीच घातलं होतं. त्यांनी ओळखला नाही. "कुणी दिलाय कोण जाणे, किती पातळ डबा," असं म्हणाल्या. मी चाक चालू केलं.

न बोलण्याच्या या सवयीची खरी परीक्षा गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर झाली. नावं सगळी बदलते आहे. शिवाय ज्या घरातली गोष्ट आहे, तिथे दिवाळी अंक टीपॉयवर ठेवायला घेतात, उघडायला नाही.

केतकी दुकानात आली ती एका पिशवीत दुसरी पिशवी घालून. ही शालिनीकाकूंची धाकटी सून. शालिनीकाकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक, केतकीला मी बाजारात बघून ओळखत होते. ती बेलापूरला नोकरी करते.

"काकू, मैत्रिणीचं आहे," तिने पातेलं पुढे केलं.

मी ते उलटं केलं, मग सुलटं करून आत पाहिलं. तळ काळपट, खरबरीत, आणि मुंग्यांनी पोखरावा तसा बारीक खड्ड्यांनी भरलेला. हे करपणं नव्हतं.

"करपलं होतं कशाने?"

"दुधाने. तिची ऑफिसची मीटिंग चालू होती. घरूनच."

"आणि मग रात्रभर काय ओतून ठेवलं?"

"मैत्रिणीने ना..."

"हो, मैत्रिणीनेच."

"ते संडास धुवायचं. निळं. व्हिडिओत म्हणाले होते की कुठलाही डाग जातो."

"डाग गेला," मी म्हटलं. "त्याच्याबरोबर तळही गेला. यात आता काही शिजवून खायचं नाही. मी कितीही घासलं तरी हे खड्डे भरणार नाहीत."

ती रडायला लागली. मी तिला चाकापासून लांब, स्टुलावर बसवलं. मग मैत्रीण सुटली आणि खरी गोष्ट आली.

पातेलं शालिनीकाकूंच्या सासूबाईंचं. घरातलं पहिलं स्टीलचं भांडं. त्यांनी स्वतःच्या लग्नातला जरीचा शालू बोहारणीला देऊन ते घेतलं, असं घरात सांगतात. गौरीच्या नैवेद्याची खीर दर वर्षी त्याच पातेल्यात होते. इतकी वर्षं शालिनीकाकू करायच्या. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं होतं की गौरींचा स्वयंपाक केतकी करील. हे थोरल्या सुनेला पटलं नव्हतं. ती खाडीपलीकडे द्रोणागिरीला नव्या टॉवरमध्ये राहते, तिचा हॉल मोठा आहे, आणि गौरी आता तिच्याकडे बसवाव्यात असं ती दोन वर्षं सुचवत होती. शालिनीकाकू लेकीकडे गेल्या होत्या आणि गौरी यायच्या आदल्या दिवशी परतणार होत्या.

"पातेलं दिसलं नाही तर ताई तिथल्या तिथे म्हणतील, हिला एक भांडं सांभाळता येत नाही, ही गौरी काय सांभाळणार. आणि आई त्यांचं ऐकतील. मला गौरी हव्यात काकू. मी नोकरी करते म्हणून या घरात कुणी माझ्या हातात काही देत नाही. पहिल्यांदा दिलंय."

"सासूबाईंना खरं सांगून टाक. त्या समजून घेतील."

"तुम्ही त्यांना ओळखत नाही," केतकी म्हणाली.

मी पातेलं पुन्हा हातात घेतलं.

"तसंच दुसरं मिळेल का? त्यावर हेच नाव घालून द्याल?" तिने पातेल्याच्या अंगावर बोट ठेवलं. सौ. यमुनाबाई, असं कोरलं होतं. "आणि हा पोचा. हा तर हवाच. आई तो सगळ्यांना दाखवतात. आजेसासूबाई पेणहून हे पातेलं घेऊन येत होत्या, तेव्हा पळस्प्याच्या फाट्यावर टांगा कलंडला. सगळी भांडी रस्त्यावर सांडली, आजींना खरचटलं, पण त्यांनी पातेलं सोडलं नाही. तो पोचा आहे हा."

मी काठाखालून बोट फिरवलं आणि पोच्याशी थांबले.

तो पोचा मी मारला होता.

लग्न होऊन मी नुकती दुकानात बसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. शालिनीकाकू तेव्हा साधारण माझ्या आताच्या वयाच्या. त्या अशाच, पिशवीत पिशवी घालून आल्या होत्या. लाडवांचा पाक करपला होता, ते निघालं असतं. पण त्यांच्या यजमानांनी मदत केली. ड्रिल मशीनला तारेचा ब्रश लावला आणि मदत करता करता तळाला भोक पाडलं. यमुनाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेल्या होत्या. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, हीच शालिनीकाकूंची अडचण होती.

सासऱ्यांनी तसंच पातेलं शोधून दिलं, मी नाव घातलं. मग शालिनीकाकू म्हणाल्या, "आणि काठाखाली पोचा आहे तोही हवा. मोरीत पडलं होतं एकदा त्यांच्या हातून." जुनं पातेलं शेजारी ठेवून, जागा बघून, मी लाकडी हातोडीने पोचा पाडला. काही दिवसांनी मी विचारलं, सासूबाई काही म्हणाल्या का? "पातेलं हातात घेतलं, फिरवून बघितलं," शालिनीकाकू म्हणाल्या. "आणि म्हणाल्या, डोळे चांगले झाले हो माझे. बाकी काही नाही." त्या ‘बाकी काही नाही’चा अर्थ आम्ही दोघीही काढत बसलो नाही.

म्हणजे तो पोचा यमुनाबाईंच्या मोरीतून निघून वीसेक वर्षांत पळस्प्यापर्यंत पोचला होता, वाटेत त्याला टांगाही मिळाला होता.

आता माझ्यासमोर प्रश्न होता. एक वाक्य बोलले असते तर या मुलीचं रडणं थांबलं असतं: बाई गं, तू मोडलंस ते मुळात यमुनाबाईंचं नव्हतंच. पण ते वाक्य माझं नव्हतं, शालिनीकाकूंचं होतं. पिशवीत पिशवी घालून आणलेली वस्तू मी दुसऱ्या कुणासमोर उघडत नाही. सासूची सुनेसमोर तर नाहीच.

"मिळतं का बघते," मी म्हटलं.

मिळायला त्रास झाला. बाहेर वळलेल्या काठाचा तो आकार आता कुणी ठेवत नाही. शेवटी उरणच्या एका जुन्या भांडीवाल्याच्या माळ्यावर सापडलं. हॉटेलच्या ऑर्डरीतलं उरलेलं होतं, त्यामुळे पत्रा चांगलाच जाड. वजनाला फरक पडत होता, पण दुसरा पर्याय नव्हता. मग उलटा धंदा सुरू झाला. एरवी मी जुनं नवं करते, आता नव्याचं जुनं करायचं होतं. दिवसभर राख आणि काथ्याने घासलं. चिंच उकळली. आत थोडं दूध मुद्दाम करपवलं आणि अर्धवट काढलं, म्हणजे तळाला तो मळकट पिवळा रंग येतो जो गिऱ्हाइकं माझ्याकडून घालवून घेतात. नवऱ्याने पुढून डोकावून विचारलं, "तुझ्या हातून करपलं?"

"शेजारणीचं आहे," मी म्हटलं.

नाव घातलं. शेवटी पोचा. नवा पत्रा हलक्या हाताला दाद देईना. हातोडी जरा ताकदीने घालावी लागली. जुनं पातेलं केतकीच्या सांगण्यावरून भंगारात गेलं. एकाच घराचं एकच पातेलं मी दोनदा मोडीत काढलं, असं म्हणायला हरकत नाही.

शालिनीकाकू यायच्या दिवशी सकाळी केतकी पातेलं घेऊन गेली. काठ, नाव, पोचा, सगळं जवळून बघितलं आणि म्हणाली, "अगदी तेच आहे हो." मग नैवेद्याच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका हळू, की मागे जेवणावळीचा गलका जास्त ऐकू येत होता. सासूबाईंनी खिरीचं पातेलं स्वतः खाली उतरवलं. क्षणभर थांबल्या. पोच्यावरून अंगठा फिरवला. केतकीला वाटलं, संपलं. मग त्यांनी सगळ्या बायकांसमोर टांग्याची गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. द्रोणागिरीची जाऊ पण ऐकत होती.

"कळलं नाही त्यांना," केतकी म्हणाली. "वाचले काकू."

मी म्हटलं, बरं झालं, जेवून घे.

गणपती बुडाल्यावर शालिनीकाकू दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत कढई.

"सुनंदा, शेजारणीची आहे."

मी कढई उलटी केली. "परवा या, काकू."

त्या गेल्या नाहीत. केतकी बसली होती त्याच स्टुलावर बसल्या.

"गौरी छान झाल्या."

"कानावर आलं."

"खीर लागली नाही यंदा. त्या पातेल्यात डाव्या बाजूला हटकून लागायची. तुझ्याकडून नेलं तेव्हापासून लागत होती."

मी कढईवरून फडकं फिरवत राहिले.

"आणि उतरवताना दोन्ही हात लावावे लागले. आधी वाटलं, मीच थकले."

"वय झालं की होतं तसं."

"काही होत नाही. मी केतकीकडे बघितलं, तर ती पोळपाटाकडे बघत होती. आणि द्रोणागिरीची पातेल्याकडे. मग काय करते, काढली टांग्याची गोष्ट. या खेपेला घोडाही बुजवला."

"पूर्वी घोडा नव्हता?"

"पूर्वी टांगाही नव्हता," शालिनीकाकू म्हणाल्या. "थोरलीचं लग्न झालं तेव्हा ती पातेल्याकडे फार बघायला लागली, म्हणून टांगा आणावा लागला."

मी विचारलं, "केतकीला सांगणार आहात?"

"काय सांगू? तुझ्या हातून गेलं ते खोटंच होतं म्हणून? मग पुढच्या वर्षी ती ते जपील कशाला?" त्या उठल्या, पदर सारखा केला. "पुढच्या वर्षीही गौरी आमच्याकडेच. थोरलीला कळवलं मी. म्हटलं, पातेलं या घरातलं आहे, ते खाडी ओलांडून जायचं नाही."

दारापर्यंत गेल्या, माझ्या नवऱ्याला नमस्कार केला, त्याने वाकून वाट दिली. तिथून वळून परत आत आल्या.

"पोचा मात्र जरा जोरात मारलास."

"पत्रा जाड आहे, काकू," मी म्हटलं. "हलक्या हाताने पडत नाही."